ऑपरेशनला जाताना: एका निवृत्त सिस्टरचं सांगणं

आपल्याकडे ऑपरेशन ठरलं की पहिला फोन मामाला जातो, दुसरा गाडीवाल्याला. डबा कोण देणार, रात्री कोण थांबणार, म्हशीची धार कोण काढणार, सगळं तासाभरात ठरतं. पेशंटला मात्र कुणी काही सांगत नाही. "तुला काय करायचंय, डॉक्टर बघतात की!" एवढ्यावर विषय संपतो. मग तोच माणूस हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर पडला की छताकडं बघत बसतो. आता कुठं नेणार, कुठं टोचणार, किती वेळ लागणार, काहीच माहीत नसतं. निम्मी भीती त्यातनंच येते.

मी बेळगावात सर्जिकल वॉर्डला सिस्टर होते. माहेर खानापूर तालुक्यातलं. घरात मराठी, ड्युटीवर कन्नड, आणि डॉक्टरांच्या राउंडला दोन्हीची मिसळ. आता निवृत्त आहे, पण गल्लीत कुणाचं ऑपरेशन ठरलं की बोलावणं येतंच. तेव्हा जे सांगते तेच इथं लिहून ठेवते. हे ठरवून केलेल्या ऑपरेशनांबद्दल आहे: हर्निया, पित्ताशय, गर्भाशय, प्रोस्टेट, गुडघा वगैरे. ॲपेंडिक्स फुटलं, अपघात झाला, तर तयारीला वेळ कुठला? तिथं जे होईल ते होईल. आणि तुमच्या डॉक्टरांनी यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. त्यांनी तुमचे रिपोर्ट बघितलेत, मी नाही.

पैशाचं आणि कार्डाचं आधी

बीपीएल रेशन कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. एपीएलवाल्यांना पॅकेजच्या ३० टक्के मिळतात, तेही वर्षाला दीड लाखाच्या आत. बाकीचं पदरचं. लोक एक गोष्ट विसरतात. खाजगी दवाखान्यात ठरवून ऑपरेशन करायचं असलं तर बऱ्याच वेळा सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र आधी लागतं. ॲडमिट झाल्यावर मुलगा त्या पत्रासाठी सिव्हिलला पळतो, इकडं पेशंट उपाशी, तिकडं रांग, आणि ऑपरेशन उद्यावर जातं. पत्र, रेशन कार्ड, आधार, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून तारखेच्या आधीच आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलावर जाऊन या. आणि रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का, ते घरातच बघा. एकावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं, हे आपल्याकडं घरोघरी आहे.

महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. त्यावरनं दोन सरकारांत वादही झाला. तुमचं गाव त्या यादीत असलं तरी तुम्ही ज्या दवाखान्यात जाणार तिथं ती योजना प्रत्यक्ष चालते का, हे विचारल्याशिवाय पैशाचा हिशोब मांडू नका. पेपरातली बातमी काउंटरवर चालत नाही.

मेडिक्लेम असेल तर पॉलिसीत रूमच्या भाड्याची मर्यादा बघा. मर्यादेपेक्षा भारी रूम घेतली तर नुसता भाड्यातला फरक भरून सुटका होत नाही. बऱ्याच पॉलिसींत बाकीच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लागते. पाहुण्यांना बसायला जागा पाहिजे म्हणून डीलक्स घेणारे इथंच अडकतात.

खानापूरच्या पलीकडं, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात राहत असाल आणि ऑपरेशन थांबण्यासारखं असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, जुलै-ऑगस्ट टाळता येईल का? त्या पावसात ओढे भरले की रस्ता बंद. टाक्याला काही झालं तर परत येणार कसे? टाळता येत नसेल तर डिस्चार्जनंतर टाके काढेपर्यंत शहरातल्या बहिणीकडं, मुलीकडं राहायची सोय बघा.

भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढं लाजू नका

ऑपरेशनच्या आधी रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे होतो. वय जास्त असलं किंवा हृदयाची शंका असली तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मग भूलतज्ज्ञ तपासतात. लोकांना वाटतं मोठे ते सर्जन, हे दुसरे नुसतं इंजेक्शन देऊन जाणारे. तसं नसतं. ऑपरेशन संपेपर्यंत तुमचा श्वास, नाडी, बीपी, सगळं त्यांच्या नजरेखाली असतं. ते तोंड उघडायला लावतात, मान मागं करायला सांगतात, दात हलतोय का विचारतात, घोरता का म्हणूनही विचारतात. हे सगळं श्वासाची नळी नीट जाईल का, यासाठी. कवळी असेल तर आताच सांगा.

या टेबलावर खोटं बोलू नका. आपला भाग तंबाखूचा. निपाणी-चिकोडीकडं शेतात तंबाखू, वखारीत तंबाखू, आणि बायकांच्या हिरड्यांवर मशेरी. पुरुष निदान "थोडी खातो" म्हणतात. बायका कबूलच करत नाहीत. एक आज्जी आठवते, निपाणीकडची. भूल देणाऱ्या मॅडमनी तीनदा विचारलं, तीनदा मान हलवली. शेजारी मुलगा आणि जावई उभे. मी दोघांना औषधं आणायला खाली पाठवलं. ते जिना उतरले तशी आज्जीनं पदराच्या गाठीतनं डबी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "सकाळपासनं दोनदा लावलीय गं बाई, डोकं धरतंय." मॅडम हसल्या, आणि फाइलीत लिहून घेतलं. एवढंच असतं. तिथं कुणी रागवायला बसलेलं नसतं. विडी-सिगारेट महिनाभर आधी सोडली तर छातीला आणि जखमेला खूप फरक पडतो. तेवढा वेळ नसला तरी आदल्या दिवसापासनं बंद केलेलंही उपयोगाचं असतं. दारूचं तर लपवूच नका. रोज घेणाऱ्याची अचानक बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय कापायला लागतात, माणूस भरकटतो. आधी माहीत असलं तर डॉक्टर औषध तयार ठेवतात.

गोळ्यांचं: "सकाळी एक पांढरी, रात्री एक गुलाबी" यावरनं कुणालाही काही कळत नाही. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका कॅरीबॅगेत घालून आणा. काढा, चूर्ण, गुडघ्याला म्हणून कुणीतरी दिलेल्या पुड्या, तेसुद्धा. पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड निघतं आणि ते भूल देताना महत्त्वाचं असतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी बंद करायच्या ते डॉक्टर सांगतील. काही बंद करतात, काही चालू ठेवतात. हृदयात स्टेंट असेल तर आपल्या मनानं एकही दिवस बंद करायची नाही. बीपीच्या बऱ्याच गोळ्या ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत घ्यायला सांगतात. साखरेच्या मात्र वेगळ्या. त्यातल्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असल्या गोळ्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधीपासनं थांबवायला सांगतात. नाव वाचता येत नसेल तर स्ट्रिप दाखवा.

उपाशी म्हणजे उपाशी

साधा नियम असा: जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, तेलकट-मटणाचं असेल तर आठ तास. नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पण तुमच्या दवाखान्यानं वेगळी वेळ दिली असेल तर तीच धरा, कारण नंबर पुढं-मागं होत असतो.

आता चहा. चहा म्हणजे दूध. "नुसता कपभर चहा घेतला की हो, काही खाल्लं नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! त्या कपापायी ऑपरेशन दुपारवर गेलेलं बघितलंय, आणि सर्जनचा चेहराही बघितलाय. भुलीत घशावरचा ताबा जातो. पोटात काही असलं तर ते वर येऊन फुप्फुसात जातं, आणि ते जिवावर बेतू शकतं. त्यासाठीच हा नियम आहे, तुम्हाला छळायला नव्हे. खाल्लं असेल तर सांगून टाका. ऑपरेशन उशिरा होईल, एवढंच. सासूबाईंनी मायेनं उशाशी ठेवलेलं बिस्कीटही यात आलं.

सही कुणाची, कुठल्या भाषेत

संमतीचा फॉर्म आपल्याकडं बहुतेक वेळा कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत असतो. खानापूर, बेळगाव तालुक्यातल्या कित्येक जणींना दोन्ही वाचता येत नाही. सिस्टर बोट ठेवते, "इथं करा", आणि त्या करतात. मी स्वतः असं बोट ठेवणाऱ्यांतली होते, गर्दीच्या दिवशी वेळच नसतो. म्हणून मागायचं काम तुमचं. "मला मराठीत सांगा" असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. काय काढणार, काय ठेवणार, टाक्याचं की दुर्बिणीचं, दुर्बिणीनं नाही जमलं तर काय, रक्त द्यावं लागेल का, हे समजल्यावर सही. मराठी बोलणारं कुणीतरी मजल्यावर सापडतंच. डॉक्टर नसले तर ब्रदर असतो, तेही नसले तर आयाबाई असते. पण ऑपरेशनचं सांगणं डॉक्टरांनीच केलं पाहिजे, आयाबाईनं फक्त भाषा पुरवायची.

पेशंट अठराच्या वरचा आणि शुद्धीवर असेल तर सही किंवा अंगठा त्याचाच. नवऱ्यानं केली, मुलानं केली, म्हणून भागत नाही. गर्भाशयाच्या ऑपरेशनला तर हे फार महत्त्वाचं. "तपासायला म्हणून नेलं आणि पिशवीच काढली" असं होऊ नये. एका गोष्टीची संमती दिली म्हणजे दुसरीचीही दिली, असं नाही, जीव वाचवायची तातडी असेल तेवढं सोडून. सुप्रीम कोर्टानं २००८ च्या निकालात हे स्पष्ट सांगितलंय.

आदली रात्र, बांगड्या आणि वस्तरा

आदल्या रात्री आणि त्या सकाळी साबण लावून अंघोळ. केस घरी काढून येऊ नका. पुरुष मंडळी वस्तऱ्यानं पोट साफ करून येतात आणि कातडीवर बारीक बारीक कापलेलं असतं. त्यातनंच जंतू शिरतात. लागलं तर वॉर्डात क्लिपरनं काढतात.

नखांना रंग नको. बोटाला लावायचा चिमटा नखातनं रक्तातला ऑक्सिजन मोजतो. दागिने सगळे घरी. रक्त थांबवायला जे विजेचं यंत्र वापरतात त्यात अंगावरच्या धातूनं चटका बसायची शक्यता असते, शिवाय हात सुजला की अंगठी कापावी लागते. मंगळसूत्र आणि हिरव्या बांगड्यांवरनं दर आठवड्याला एक तरी रडारड व्हायचीच. बांगडी फोडायची नसते आपल्यात, नवरा समोर उभा असताना तर नाहीच. मग मी साबणाचं पाणी करून, तळहात दाबत दाबत एकेक सरकवून काढायची आणि रुमालात बांधून सासूच्या ओटीत द्यायची. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर पहिलं काम म्हणजे त्या परत चढवणं. एवढं ठरवून दिलं की कुणी हट्ट करत नाही. पण हे घरीच करून आलात तर सगळ्यांचा वेळ वाचतो.

चष्मा आणि कानाचं मशीन मात्र बरोबर आणा. ते का, ते पुढं सांगते.

आत काय होतं

ऑपरेशन थिएटर थंडगार असतं. कापरं भरलं तर ते भीतीचंच असतं असं नाही. ब्लँकेट मागा, देतात. दारात नाव विचारतील, आत नाव विचारतील, कुठलं ऑपरेशन, कुठली बाजू, परत परत विचारतील. "एवढे शिकलेले, यांना माझं नावपण आठवत नाही?" असं एक मामा चिडून म्हणाले होते. चिडू नका. २००८ पासून जागतिक आरोग्य संघटनेची यादी आहे, भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि बाहेर नेण्याआधी तपासायची. डावा-उजवा गुडघा चुकू नये म्हणूनच हा सगळा खटाटोप. पायावर पेनानं खूण करतात, ती पुसू नका.

कमरेतनं भूल द्यायची असेल तर बसवून किंवा कुशीवर घेऊन पाठ वाकवायला सांगतात. हनुवटी छातीला, गुडघे पोटाशी. पाठ जितकी वाकेल तितकं काम पटकन होतं. आधी एक बारीक सुई चावते, मग दाब जाणवतो. थोड्याच वेळात पाय गरम वाटतात, मग जड, मग आपले नसल्यासारखे. तुम्ही जागे असता. भांड्यांचा आवाज, डॉक्टरांचं बोलणं, सगळं ऐकू येतं. ओढल्यासारखं, दाबल्यासारखं वाटतं, पण दुखत नाही. दुखलं तर बोला, तोंड तुमचंच आहे. ऐकायचं नसेल तर झोपेचं औषध मागा. आणि "कमरेत सुई घेतली की जन्मभर कंबर दुखते" हे मी हजारदा ऐकलंय. सुई टोचलेली जागा दोन-चार दिवस दुखते, जन्माचं दुखणं त्यानं लागत नाही. एक मात्र खरं. काही जणांना पुढच्या दोन-तीन दिवसांत डोकं दुखतं, बसलं की वाढतं, आडवं झालं की कमी होतं. तसं झालं तर लगेच सांगा, त्यावर उपाय आहेत.

पूर्ण भूल असेल तर नाकातोंडावर मास्क येतो, दोन-चार लांब श्वास घ्यायला सांगतात, शिरेत औषध जाताना हात थोडा चुरचुरतो, आणि पुढचं आठवतं ते थेट "डोळे उघडा" म्हणणारा आवाज. घसा खवखवतो, कारण आत नळी होती. तो एक-दोन दिवसांत बरा होतो.

बाहेर बसलेल्यांसाठी: "तासाचं ऑपरेशन म्हणाले आणि तीन तास झाले" म्हणून दारावर थापा मारू नका. भूल देणं, तयारी, मग शुद्धीवर आणणं, रिकव्हरीत ठेवणं, हे त्या तासात धरलेलं नसतं.

पहिली रात्र

ही रात्र सगळ्यात लांब. तोंड कोरडं पडतं, मळमळतं, अंग थरथरतं. लघवीची नळी असेल तर सारखी लघवीला आल्यासारखं वाटतं. नळी आत फुग्यानं अडकवलेली असते, ओढली तर रक्त येतं. म्हाताऱ्या पुरुषांचा हात झोपेत तिकडंच जातो, सोबतच्या माणसानं लक्ष ठेवायचं. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पिशवीत लालसर पाणी दिसतं, ते अपेक्षितच असतं. गाठी यायला लागल्या किंवा वाहायचं थांबलं तर मात्र सिस्टरला उठवा.

दुखणं सहन करायची आपल्या माणसांना सवय. "एवढं काय, शेतात यापेक्षा जास्त लागतं." पण इथं सहन करण्यात शहाणपण नाही. दुखतंय म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कूस बदलत नाही, आणि मग छातीत कफ साठतो, ताप येतो. दुखणं पूर्ण पेटायच्या आधी सांगितलं तर थोड्या औषधात आटोक्यात येतं. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही, असं धरून आकडा सांगा.

रात्रीची सिस्टर कन्नड बोलणारी असेल, केरळची असेल. तुमची आज्जी मराठीशिवाय काही बोलत नसेल तर पहिल्या रात्री सोबतीला कन्नड येणारं कुणीतरी ठेवा. तेही नाही जमलं तर चार शब्द आज्जीला शिकवून ठेवा: नोवु म्हणजे दुखतंय, उसिरु म्हणजे श्वास, चळी म्हणजे थंडी. वांती दोन्हीकडं वांतीच. एवढ्यावर रात्र निघते.

दुर्बिणीनं पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर खांदा दुखतो. खांदा! हार्ट अटॅक आला म्हणून अख्खं घर गोळा होतं. पोट फुगवायला गॅस भरलेला असतो, त्यानं आतला पडदा चुरचुरतो आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं. दोन-तीन दिवसांत जातं. दम लागला, छातीत दाबल्यासारखं झालं, तर मात्र वाट बघायची नाही.

आता चष्म्याचं. सत्तरीच्या पुढचा माणूस ऑपरेशननंतर संध्याकाळी, रात्री भरकटू शकतो. कोपऱ्यात मेलेला भाऊ दिसतो, सलाईन काढून "गोठ्यात जायचंय" म्हणतो, पोटच्या मुलाला ओळखत नाही. सकाळी परत शहाणा. घरचे घाबरतात, कुणीतरी हळूच अंगारा आणतं, कुणी देवऋषाला फोन लावतं. अंगारा लावायचा तर लावा, माझं म्हणणं नाही, पण आधी सिस्टरला सांगा. हे पुष्कळ म्हाताऱ्यांना होतं. जंतुसंसर्ग, लघवी तुंबणं, ऑक्सिजन कमी होणं, एखादं औषध, असं काहीतरी कारण मागं असू शकतं, ते शोधावं लागतं. घरच्यांनी करायचं ते एवढंच: चष्मा डोळ्यावर, मशीन कानात, ओळखीचं एकच माणूस जवळ, दिवसा उजेड, रात्री दिवे मंद, आणि "आबा, आपण बेळगावात दवाखान्यात आहोत, आज मंगळवार" असं शांतपणे परत परत सांगायचं. वाद घालायचा नाही.

उठा, आणि पाहुण्यांना बसवा

दुसऱ्या दिवशी, कधी त्याच संध्याकाळी, सिस्टर उठवायला येते. लोक माझ्याकडं वैऱ्यासारखं बघायचे. "कालच कापलंय, आज चालायला लावतीय!" पण पडून राहिलं की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली की काय होतं ते मी बघितलंय. म्हणून उठा. एकदम नाही. आधी कुशीवर, मग हातावर जोर देऊन बसायचं, पाय खाली सोडून थोडं थांबायचं, चक्कर गेली की उभं. खोकताना पोटावर उशी घट्ट दाबून धरा, टाक्यांना आधार मिळतो. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र दिलं असेल तर तासातासाला त्यातनं श्वास ओढा, फुंकायचं नाही, ओढायचं. काहींना पोटात एक बारीक इंजेक्शन रोज देतात, तेही गुठळीसाठीच.

पोटाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर "वारा सरला का?" विचारतात तेव्हा हसू नका, आतडी कामाला लागल्याची ती खूण आहे. खायला कधी द्यायचं ते ऑपरेशनवर असतं. हल्ली पूर्वीइतकं उपाशी ठेवत नाहीत.

पाहुणे मात्र वॉर्डातली सगळ्यात अवघड शस्त्रक्रिया. गावाकडनं टेम्पो भरून येतात, पेशंटच्या पायाशी कॉटवर बसतात, आणि प्रत्येकाला ऑपरेशनची गोष्ट पहिल्यापासनं ऐकायची असते. हातात शहाळी, केळी आणि बेळगावला आलोच आहोत तर कुंद्याचा डबा. पेशंटची साखर तीनशे! मूत्रपिंडाच्या पेशंटला शहाळंही चालत नाही, त्यात पोटॅशियम असतं. डबा शेजारच्या कॉटवरच्या नातेवाइकांना वाटून टाका, पुण्य लागेल. आणि सर्दी-खोकला असलेल्यांना खालच्या खालीच चहा पाजून परत पाठवा. हे सांगणारा एक तोंडाळ माणूस प्रत्येक घरात असतो, त्याला दोन दिवस रजा काढायला लावा.

घरी जाताना

डिस्चार्ज सकाळी म्हणाले तरी संध्याकाळ धरून चला. फाइल, औषधांचा हिशोब, विम्याची मंजुरी. डिस्चार्जची मंजुरी विमा कंपनीनं तीन तासांत द्यायची असा नियम २०२४ मध्ये आलाय, तेवढा लक्षात ठेवून काउंटरवर विचारत राहा.

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं. निघायच्या आधी सिस्टरला बसवून प्रत्येक स्ट्रिपवर मार्करनं सूर्य-चंद्र काढून घ्या, जेवणाआधीची की नंतरची तेही. जुन्या बंद केलेल्या गोळ्या परत कधी सुरू करायच्या हे विचारायला सगळे विसरतात. रक्त पातळ करायची गोळी अशीच महिनोन् महिने बंद राहिलेली मी बघितलीय.

घरी गेल्यावर पहिली लढाई भातावरनं. "भात खाल्ला की टाके पिकतात." खानापूरचा माणूस, तीन वेळा भात खाणारा, त्याला भाकरीच्या कोरड्या तुकड्यावर ठेवतात. भातानं काही पिकत नाही. पू होतो तो जंतूंमुळं, वाढलेल्या साखरेमुळं, घाणेरड्या हातांमुळं. भात खा, वरण खा, अंडं चालत असेल तर रोज खा, जखम भरायला प्रथिनं लागतात. वेदनेच्या काही गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं, म्हणून पाणी आणि भाजी जास्त. जखमेवर हळद, पावडर, राख, कसलंही तेल नको. ड्रेसिंग कधी काढायचं आणि पाणी कधी लागू द्यायचं ते कार्डावर लिहून घ्या.

पोटाचं मोठं ऑपरेशन असेल तर सहाएक आठवडे भरलेली घागर उचलायची नाही, पोतं उचलायचं नाही, दुचाकीवर मागं बसून खड्ड्यांतनं जायचं नाही. बायकांना हे पाळू देणं घरातल्या पुरुषांच्या हातात असतं. म्हणजे पाणी तुम्ही भरायचं, ते सहा आठवडे तरी.

ताप १००.४ च्या वर गेला, टाका लाल होऊन गरम लागला, पू किंवा घाण वास आला, टाका उसवला, उलट्या थांबेनात, लघवी होईना, एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, तर त्याच दिवशी दवाखाना. दम लागला किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन, गावातल्या गाडीवाल्याची वाट बघू नका. फोनवर "बरं नाहीये" एवढं सांगून उपयोग नाही. कसलं ऑपरेशन, कधी झालं, ताप किती, गोळ्या कुठल्या, हे कार्ड हातात धरून सांगा.

आणि शेवटचं, जे सगळ्यात जास्त राहून जातं. ऑपरेशनात काढलेला भाग, गाठ असो, पित्ताशय असो, पिशवी असो, तपासणीला पाठवतात. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, तोवर तुम्ही घरी असता, टाके सुकलेले असतात, बरं वाटत असतं. मग तो कागद दवाखान्याच्या कपाटात पडून राहतो. त्यात कधी कधी असं काही लिहिलेलं असतं, ज्यावर लगेच पुढचे उपचार करावे लागतात. टाके काढायला जाल त्या दिवशी काउंटरवर बायोप्सीचा रिपोर्ट मागा, आला नसेल तर कधी येणार ते लिहून घ्या, आणि आला की नुसता फाइलीत न ठेवता डॉक्टरांपुढं ठेवून वाचून घ्या.